दुसऱ्या शनिवारी आयुकात

येरवड्यात शाळा सुटल्यावर आम्ही दोघी ताया आठवी-नववीच्या 14 मुलांचा गट चालवतो. गेल्या वर्षी एका खासगी शिबिराला पैसे भरून नेलं, तर दोन तास नुसते व्हिडिओ दाखवले. पालकांना तोंड दाखवायची चोरी झाली.

या वेळी पुणे विद्यापीठाच्या आवारातल्या आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेत गेलो. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी तिथे शाळकरी मुलांसाठी व्याख्यान असतं. गटात कधी तोंड न उघडणारा एक मुलगा उठला आणि विचारता झाला, "कृष्णविवर दिसतच नाही, तर सापडतं कसं?" वक्त्यांनी भोवती फिरणाऱ्या ताऱ्यांचं उदाहरण देऊन, कुठेही घाई न करता, समजावलं. तो खाली बसला तेव्हा कान लाल झाले होते त्याचे, पण मान ताठ होती! माझ्यासाठी सगळी धावपळ तिथेच वसूल.

नंतर चौकातले आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन, आइन्स्टाईन यांचे पुतळे पाहिले. मुली आर्यभटापाशीच रेंगाळल्या.

गट घेऊन जाणार असाल तर पालकांची लेखी परवानगी आदल्या दिवशीच घ्या आणि बसमध्ये चढताना-उतरताना डोकी मोजा. आमची पुढची फेरी ठरली आहे, प्रश्नांची वही मुलांनीच केली आहे.