ला स्काला: मिडरेंज बदलण्याआधी क्रॉसओव्हर उघडा

क्लिप्श कंपनीच्या ला स्काला या कर्ण्याच्या स्पीकरची १९७० च्या दशकातली जोडी घरी आणली, की जो तो दोन सल्ले देतो. मिडरेंजचा, म्हणजे मधल्या पट्टीचा आवाज काढणारा ड्रायव्हर बदला आणि क्रॉसओव्हर, म्हणजे खालचे-मधले-वरचे स्वर वेगवेगळ्या ड्रायव्हरकडे वाटून देणारं सर्किट, नवा घाला. मी दोन्ही करून पाहिलं, उलटसुलट जोडून ऐकलं, मायक्रोफोन लावून मोजलं. माझं मत आधीच सांगून टाकतो. क्रॉसओव्हरचं काम कराच, आजच करा. जुन्या कर्ण्यावर नुसता नवा ड्रायव्हर मात्र चढवू नका. बदलायचाच असेल तर कर्णा आणि ड्रायव्हर दोन्ही एकदम बदला, आणि मग क्रॉसओव्हरही नव्यानं बांधायची तयारी ठेवा.

मी टेक्सासमध्ये प्लेनोला राहतो. या स्पीकरचं जन्मगाव, आर्कान्सामधलं होप, इथून गाडीनं तीन-चार तासांवर आहे. पॉल क्लिप्श दुसऱ्या महायुद्धात तिथल्या लष्करी चाचणी मैदानावर नेमणुकीला होते. युद्ध संपल्यावर ते तिथेच राहिले आणि १९४६ मध्ये त्यांनी कंपनी काढली. ला स्काला आली १९६३ मध्ये, आणि तीसुद्धा दिवाणखान्यासाठी नाही. विन्थ्रॉप रॉकफेलर आर्कान्साच्या गव्हर्नरपदासाठी उभे राहणार होते, त्यांच्या प्रचारसभांसाठी उचलून नेता येईल असा स्पीकर हवा होता. माणसाचा आवाज लांबवर स्पष्ट पोचवायचा, हे तिचं पहिलं काम. आमच्या घरी दिवसरात्र ख्याल वाजतो, तेव्हा हा वारसा पदोपदी जाणवतो.

रचना थोडक्यात अशी. खाली घडी घातलेल्या लाकडी कर्ण्यात खालच्या स्वरांसाठी १५ इंची वूफर. वरच्या कप्प्यात के-४०० हा ओतीव अ‍ॅल्युमिनियमचा लांबट कर्णा, त्याच्या मागे आट्यांवर फिरवून बसवलेला के-५५-व्ही ड्रायव्हर. शेजारी सर्वांत वरच्या स्वरांसाठी के-७७ ट्वीटर. वूफर आणि मिडरेंजची वाटणी ४०० हर्ट्झला, मिडरेंज आणि ट्वीटरची ६००० ला. संवेदनशीलता १०४ डेसिबल, म्हणजे एका वॉटमध्ये घर दणाणतं. माझा ३००बी व्हॉल्व्हचा आठ वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर इथे कधी धापा टाकत नाही.

४०० हर्ट्झ हा आकडा गाणं ऐकणाऱ्यानं नीट ध्यानात घ्यावा. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा मध्य षड्ज साधारण १३९ हर्ट्झला येतो. तो स्वर आणि त्याचा दुसरा स्वरांश (हार्मोनिक, म्हणजे दुप्पट कंपनांचा) वूफरमधून निघतात, तिसऱ्या स्वरांशापासून पुढचं बहुतेक सगळं कर्ण्यातून. एकाच गळ्याचे दोन तुकडे दोन वेगळ्या ड्रायव्हरकडे जातात आणि हवेत पुन्हा जुळायला हवेत. मिडरेंजची पातळी जरा चुकली तर गायक घशातून गातोय असं वाटतं, किंवा छाती एकीकडे आणि तोंड दुसरीकडे. म्हणून या स्पीकरमध्ये क्रॉसओव्हर फार महत्त्वाचा.

माझ्या जोडीत एए प्रकारचा क्रॉसओव्हर होता. लाकडी फळीवर तेल भरलेले पत्र्याचे डबे, म्हणजे कपॅसिटर, दोन कॉइल, मिडरेंजची पातळी कमी करणारा एक ऑटोट्रान्सफॉर्मर आणि ट्वीटरच्या रक्षणासाठी झेनर डायोड. मिडरेंजच्या वाटेत १३ मायक्रोफॅरडचा एकच कपॅसिटर, ट्वीटरकडे २ मायक्रोफॅरडचे दोन आणि त्यांच्या मधे एक छोटी कॉइल. वूफरला २.५ मिलीहेन्रीची कॉइल. इतकी साधी मांडणी की कागदाच्या पाठकोऱ्यावर काढता यावी. साध्या मीटरवर जुन्या डब्यांची क्षमता बरी दिसते आणि तिथेच लोक फसतात. अंतर्गत रोध मोजणारा मीटर लावला की वय कळतं. माझ्या चारही ट्वीटर कपॅसिटरचा रोध नव्याच्या कितीतरी पट निघाला, एका बाजूचा दुसरीपेक्षा बराच जास्त.

मी पॉलिप्रॉपिलीन फिल्मचे नवे कपॅसिटर घातले, मूल्यं अगदी तीच ठेवली. झेनर ठेवले, कारण के-७७ नाजूक आहे आणि आमच्या घरी पाहुण्यांचा हात आवाजाच्या बटणाकडे जातोच. दुपारभराचं काम. त्या रात्री बायकोनं तिच्या गुरूंचं जुनं ध्वनिमुद्रण लावलं आणि पाच मिनिटांत म्हणाली, "अरे, तानपुरे दोन आहेत!" आधी डावीकडे एक बद्द गुंजन होतं. आता दोन्हींची जवारी वेगवेगळी कळत होती. दोन्ही बाजूंचे ट्वीटर सारखे वाजू लागल्यानं गायिका मधोमध आली आणि तिथेच थांबली. आणि कपॅसिटर महागड्या नावाचे नव्हते. दहापट किमतीचे मी एका ओळखीच्या माणसाकडून आणून लावून पाहिले. मला फरक ऐकू आला नाही, मायक्रोफोनलाही दिसला नाही. ते पैसे ध्वनिमुद्रणांवर घाला.

इथे एक महत्त्वाची सूचना. अमेरिकेत १९७९ मध्ये बंदी येण्यापूर्वीच्या अशा तेलाच्या डब्यांत पॉलिक्लोरिनेटेड बायफिनाइल असू शकतं. ते विषारी आहे. गळणारा डबा उघड्या हातानं धरू नका, केराच्या टोपलीत टाकू नका. आपल्या काउंटीच्या घातक कचऱ्याच्या केंद्रात नेऊन द्या.

दुसरं काम आणखी स्वस्त. के-४०० वर बोटाच्या पेराने टकटक केली तर तो घंटेसारखा वाजतो. बाहेरून ब्युटाइल रबराच्या पट्ट्या घट्ट चिकटवल्या की तो गप्प होतो. द्रुत तानांमध्ये आणि हार्मोनियमच्या वरच्या सप्तकात एक धातूची झाक होती, ती बरीच ओसरली. हे ड्रायव्हरचं पाप समजून कितीजण के-५५-व्ही काढून टाकत असतील!

आता ड्रायव्हर. के-५५-व्ही ही अ‍ॅटलस कंपनीनं बनवलेली, सार्वजनिक ध्वनिक्षेपणाच्या वंशातली चीज. फिनॉलिक रेझिनचा जाड डायफ्रॅम (थरथरून आवाज काढणारा पडदा), वर फार उंच जात नाही, पण दणकट. हा दणकटपणा इथे लागतोच, कारण एएमध्ये मिडरेंजची उतरण सप्तकामागे फक्त ६ डेसिबल आहे. म्हणजे २०० हर्ट्झलाही ड्रायव्हरकडे बऱ्यापैकी शक्ती येत राहते. पातळ टायटॅनियमच्या डायफ्रॅमला हे जाचतं.

मी आधी त्याच आट्यांवर बसणारा, फिनॉलिकचाच नवा ड्रायव्हर लावला. चांगला आहे, जुना जळाला असेल तर बिनधास्त घ्या. जुना धडधाकट असेल तर खर्च करण्याइतका फरक नाही. मग अडॅप्टर लावून १ इंची, ८ ओहमचा आधुनिक कॉम्प्रेशन ड्रायव्हर आणला. याची जाहिरात सगळीकडे दिसते आणि याच्याच विरुद्ध मला बोलायचं आहे.

गोम ऑटोट्रान्सफॉर्मरमध्ये आहे. तो मिडरेंज ३ डेसिबलनं खाली आणतो आणि तसं करताना ड्रायव्हरचा रोध कपॅसिटरला दुप्पट भासवतो. के-५५-व्ही १६ ओहमचा, म्हणजे कपॅसिटरला दिसतात ३२. १३ मायक्रोफॅरड आणि ३२ ओहम यांचं गणित येतं ३८० हर्ट्झच्या आसपास, ठरवल्याप्रमाणे. ८ ओहमचा ड्रायव्हर लावला की दिसतात १६, आणि तीच वाटणी ७६५ हर्ट्झला जाते. वूफर ४०० ला थांबला, मिडरेंज ७६५ ला सुरू झाला. मधला खड्डा नेमका गाण्याच्या शब्दांवर येतो. बंदिशीचा मुखडा धूसर, वरची सगळी अक्षरं टोचणारी. लोक याला 'डिटेल' म्हणतात! उलट चूकही तितकीच होते. मिडरेंज कर्कश वाटतो म्हणून ऑटोट्रान्सफॉर्मरचा टॅप (तार जोडायची जागा) बदलून ६ डेसिबल खाली घेतला, तर रोध चौपट होऊन ६४ होतो आणि वाटणी १९० हर्ट्झपर्यंत घसरते. तिथे कपॅसिटर अर्धा, साडेसहा मायक्रोफॅरडचा, करावाच लागतो. ड्रायव्हर विकणाऱ्यानं हे सांगितलं नाही तर त्याच्याकडून घेऊ नका.

खरा मोठा बदल वेगळाच आहे. एका मित्रानं त्याचा २ इंची ड्रायव्हर, रुंद लाकडी ट्रॅक्ट्रिक्स (एका विशिष्ट वक्राचा) कर्णा आणि डिजिटल क्रॉसओव्हर काही आठवडे आमच्याकडे ठेवला. कर्णा कप्प्यात मावत नाही, पेटीच्या डोक्यावर बसवावा लागतो. मिडरेंजला आणि वूफरला वेगळे अ‍ॅम्प्लिफायर. मापं घेऊन पातळ्या आणि वेळ जुळवल्यावर विलंबित ख्याल लावला. के-४०० मधून आवाज वरच्या पट्टीत निमुळता होत जातो, ऐन मधल्या खुर्चीतच तो पुरता उमलतो. इथे सोफ्याच्या टोकाला, पार स्वयंपाकघराच्या दारापर्यंत तोच गळा, तोच पोत. सारंगीच्या गजाचं घासणं आणि स्वर एकमेकांपासून सुटत नव्हते. घरी बैठक भरवणाऱ्यांसाठी हा बदल सोन्यासारखा आहे. संच परत देताना जीव जड झाला, आणि मी माझ्यासाठी तसाच बांधायला घेतला आहे. पण खर्च जुन्या जोडीच्या किमतीच्या पुढे जातो, आणि मोजमाप न करता हे काम होत नाही.

काही गोष्टी कशानंच बदलत नाहीत. ५० हर्ट्झच्या खाली ला स्काला फारसं देत नाही. डग्ग्याला पुरतं, चर्चच्या ऑर्गनला नाही. बास पेटीच्या बाजू मोठ्या आवाजात थरथरतात, तिथे आडवी लाकडी पट्टी बसवली की खर्ज मोकळा होतो.

जुनी जोडी घ्यायला जाल तेव्हा मल्टीमीटर आणि स्क्रूड्रायव्हर बरोबर न्या. के-५५-व्हीचा डीसी रोध दोन्ही बाजूंना सारखा, दहा-अकरा ओहमच्या आसपास हवा. वरचा कप्पा दाखवायला लावा आणि दोन्ही क्रॉसओव्हर एकाच प्रकारचे आहेत ना ते पाहा. एकात एए आणि दुसऱ्यात भलताच, अशा जोड्याही बाजारात फिरतात. कपॅसिटर जुने असतील तर घाबरू नका, भाव करा. ऑटोट्रान्सफॉर्मर काढून तिथे नुसते रेझिस्टर जोडलेले दिसले तर मात्र दुसरी जोडी बघा.