सांडपाणी शुद्धीकरणाची पद्धत निवडताना: हवा, गाळ आणि जागा यांचा हिशेब

सांडपाणी शुद्धीकरण केंद्रासाठी मागवलेले प्रस्ताव शेजारी शेजारी ठेवले, की पहिल्या पानावर ते जवळजवळ सारखेच दिसतात. बाहेर पडणाऱ्या पाण्याचा बीओडी (जिवाणूंना सेंद्रिय घाण खाताना लागणारा प्राणवायू, म्हणजे त्या घाणीचे माप) लिटरला 10 मिलिग्रॅमच्या आत राहील अशी हमी बहुतेकांनी दिलेली असते आणि निर्णय घेणारी समिती मग उभारणीच्या खर्चाकडे वळते. माझ्या मते तुलनेची सुरुवात दुसऱ्या टोकाकडून व्हायला हवी. सांडपाण्यातली सेंद्रिय घाण कोणत्याही टाकीत नाहीशी होत नाही. तिचा काही भाग कार्बन डायऑक्साइड किंवा मिथेन वायू होतो, काही भाग खाऊन जिवाणू वाढतात आणि त्यांचा गाळ होतो, उरलेला भाग पाण्याबरोबर बाहेर जातो. ही वाटणी कोणत्या पद्धतीत कशी होते आणि ती तशी होत राहावी म्हणून रोज किती वीज, किती जागा आणि किती जाणकार माणसे लागतात, हे आधी समजून घेतले तर प्रस्तावांमधले खरे अंतर दिसू लागते.

सर्वाधिक रुळलेली पद्धत ॲक्टिव्हेटेड स्लज, म्हणजे सक्रिय गाळाची. एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट यांनी ती 1914 मध्ये मँचेस्टर येथे जाहीर केली. सांडपाण्यात हवा सोडण्याचे प्रयोग त्याआधीही झाले होते. या दोघांनी नवे केले ते इतकेच, की प्रत्येक प्रयोगानंतर तळाशी बसलेला गाळ फेकून न देता तो पुढच्या सांडपाण्यासाठी राखून ठेवला. पहिल्या खेपेस अमोनियाचे नायट्रेटमध्ये पूर्ण रूपांतर व्हायला सुमारे पाच आठवडे लागले होते, पण राखलेला गाळ वाढत गेला तसा हा काळ एका दिवसाच्या आत आला. आजही या पद्धतीचे बळ आणि तिचा त्रास दोन्ही त्या राखलेल्या गाळात आहेत. जिवाणूंना अखंड प्राणवायू लागतो, त्यामुळे केंद्राच्या एकूण विजेपैकी निम्मी किंवा त्याहून अधिक वीज हवा फुंकणारी यंत्रे, म्हणजे ब्लोअर, खातात आणि वीज बराच वेळ गेली तर टाकीतली जिवंत वस्ती गुदमरू लागते. शिवाय एक किलो बीओडी काढताना साधारण अर्धा किलो कोरडा गाळ तयार होतो. हा आकडा लहान वाटतो, परंतु टाकीतून निघणाऱ्या गाळात सुमारे 99 टक्के पाणी असते, म्हणजे अर्ध्या किलोसाठी जवळपास 50 लिटर पातळ गाळ हाताळावा लागतो. प्रस्तावात गाळ घट्ट करण्याची, वाळवण्याची आणि अखेर नेऊन टाकण्याची सोय स्पष्ट लिहिलेली नसेल, तर तो प्रस्ताव अर्धाच आहे असे समजावे.

याच पद्धतीत आणखी एक दुखणे उद्भवते. धाग्यांसारखे वाढणारे जिवाणू बळावले, की गाळ फुगतो, निवळण टाकीत बसत नाही आणि शुद्ध झालेल्या पाण्याबरोबर वाहून जातो. हे वेळेवर ओळखायला महागडे उपकरण लागत नाही. एक लिटरच्या मापपात्रात टाकीतले पाणी 30 मिनिटे स्थिर ठेवून गाळ किती खाली बसला हे रोज पाहणारा ऑपरेटर लागतो, आणि असा माणूस कायम मिळेल की नाही याचा विचार निवडीच्या वेळीच करावा लागतो.

एसबीआर (सीक्वेन्सिंग बॅच रिॲक्टर) हे त्याच सक्रिय गाळाचे दुसरे रूप आहे. पाणी भरणे, हवा देणे, निवळू देणे आणि वरचे स्वच्छ पाणी काढून घेणे ही सारी कामे एकाच टाकीत पाळीपाळीने होतात, म्हणून वेगळी निवळण टाकी वाचते. आर्डर्न आणि लॉकेट यांचे मूळ प्रयोगही असेच भरा-आणि-उपसा प्रकारचे होते. पण झडपा हाताने उघडण्या-मिटण्याच्या कटकटीमुळे मोठ्या केंद्रांनी पुढे सतत प्रवाहाची रचना पसंत केली आणि स्वयंचलित नियंत्रण आल्यावर जुनी रचना परतली. दिवसाच्या ठरावीक वेळी पाण्याचा लोंढा येतो अशा ठिकाणी मी सतत प्रवाहाच्या केंद्राऐवजी एसबीआरला झुकते माप देईन. मात्र सेन्सर आणि झडपा नादुरुस्त झाल्यास त्यांची दुरुस्ती जवळपास उपलब्ध असली पाहिजे, आणि एक टाकी निवळत असताना येणारे पाणी घेण्यासाठी दुसरी टाकी किंवा साठवण असली पाहिजे.

यूएएसबी (अपफ्लो ॲनेरोबिक स्लज ब्लँकेट) पद्धत या साऱ्याच्या अगदी उलट विचारातून आली. नेदरलँड्समधील वागेनिंगन येथे गात्झे लेटिंगा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1970 च्या दशकात ती विकसित केली. येथे हवा मुळीच द्यायची नसते. सांडपाणी टाकीच्या तळातून वर चढते, गाळाच्या जाड थरातून जाते आणि प्राणवायूशिवाय जगणारे जिवाणू घाणीचे मिथेन करतात; टाकीच्या माथ्यावरची रचना वायू, पाणी आणि गाळ यांना वेगळे करते. ब्लोअरची वीज वाचते, गाळ सक्रिय गाळाच्या तुलनेत काही अंशानेच तयार होतो आणि वर इंधन मिळते. हे ऐकून अनेकांना निवड येथेच संपली असे वाटते. तसे नाही, आणि याचे कारण आकडेमोडीत दिसते.

घरगुती सांडपाण्याचा सीओडी (घाणीचे रसायनाने ऑक्सिडीकरण करायला लागणारा प्राणवायू, घाणीचे दुसरे माप) लिटरला 500 मिलिग्रॅम धरला आणि त्यातला 65 टक्के निघाला असे मानले, तर एका घनमीटर पाण्यामागे सुमारे 0.325 किलो सीओडी जातो. एक किलो सीओडीपासून जास्तीत जास्त 0.35 घनमीटर मिथेन मिळू शकतो, म्हणजे येथे फार तर 114 लिटर. पण बाहेर पडणाऱ्या प्रत्येक घनमीटर पाण्यात 15 ते 20 ग्रॅम, म्हणजे वीस-पंचवीस लिटर मिथेन विरघळलेलाच राहतो. हाती येऊ शकणारा पाचवा हिस्सा पाण्याबरोबर निघून जातो आणि पुढे हवेत मिसळतो, जिथे शंभर वर्षांच्या हिशेबाने त्याचा तापवण्याचा परिणाम कार्बन डायऑक्साइडच्या 25 पटींहून अधिक असतो. हेच गणित लिटरला 5,000 मिलिग्रॅम सीओडी असलेल्या कारखान्याच्या सांडपाण्यासाठी केले आणि 80 टक्के घाण निघाली असे धरले, तर मिथेन 1,400 लिटर मिळतो आणि विरघळून जाणारा वाटा मात्र तेवढाच राहतो, म्हणजे जेमतेम दोन टक्के. म्हणून साखर, स्टार्च किंवा बिअर बनवणाऱ्या कारखान्यासाठी यूएएसबी ही माझी पहिली शिफारस असेल. पातळ घरगुती सांडपाण्यासाठी तसे ठामपणे म्हणता येणार नाही.

घरगुती पाण्यासाठी ती घ्यायचीच असेल, तर हवामान उष्ण हवे, कारण सांडपाण्याचे तापमान 20 अंशांखाली राहू लागले की हे जिवाणू मंदावतात. बीओडी साधारण 60 ते 75 टक्केच कमी होतो आणि अमोनिया तसाच राहतो, त्यामुळे तिच्यानंतर हवेची टाकी किंवा तलाव बांधावाच लागतो. सल्फेट असल्यास हायड्रोजन सल्फाइडचा वास येतो आणि काँक्रीट झिजते. केवळ यूएएसबीचा खर्च दाखवून तिची तुलना पूर्ण सक्रिय गाळ केंद्राशी करणारा तक्ता समोर आला, तर तो बाजूला ठेवावा.

एमबीआर (मेंब्रेन बायोरिॲक्टर) पद्धतीत निवळण टाकीची जागा पापुद्र्यासारखी गाळणी, म्हणजे मेंब्रेन, घेते. जपानमध्ये काझुओ यामामोटो आणि सहकाऱ्यांनी 1989 मध्ये मेंब्रेन थेट हवा देण्याच्या टाकीत बुडवण्याची कल्पना मांडली आणि ही पद्धत व्यवहारात परवडू लागली. गाळ बसण्याची वाट पाहायची नसल्याने टाकीत लिटरला 8 ते 12 ग्रॅम गाळ ठेवता येतो. साध्या केंद्रात तो साधारण 2 ते 4 ग्रॅम असतो. टाकी त्या मानाने लहान होते, फुगलेल्या गाळाची भीती उरत नाही आणि मिळणारे पाणी इतके नितळ असते, की थोड्या पुढील प्रक्रियेने ते शौचालयांत, बागेत किंवा कूलिंग टॉवरमध्ये वापरता येते. त्याची किंमत विजेत मोजावी लागते, कारण जिवाणूंसाठीच्या हवेशिवाय मेंब्रेन खरवडत ठेवण्यासाठीही हवा लागते. केसांसारखे धागे अडकू नयेत म्हणून सुरुवातीलाच बारीक जाळी लागते, ठरावीक काळाने रसायनांनी धुलाई करावी लागते आणि काही वर्षांनी मेंब्रेन बदलावेच लागते. पावसाचे पाणी सांडपाण्याच्या वाहिन्यांत शिरून प्रवाह अचानक वाढला, तर मेंब्रेन ठरावीक वेगापेक्षा जास्त पाणी सोडत नाही. पाणी खरोखर पुन्हा वापरायचे असेल, जागा अगदी कमी असेल आणि मेंब्रेन बदलण्याचा निधी पहिल्या वर्षापासून वेगळा ठेवण्याची तयारी असेल, तरच एमबीआर घ्यावे. शुद्ध केलेले पाणी नाल्यातच सोडायचे असताना ते घेणे मला उधळपट्टी वाटते.

नॉर्वेत 1980 च्या दशकाअखेरीस पुढे आलेली एमबीबीआर (मूव्हिंग बेड बायोफिल्म रिॲक्टर) पद्धत येथे थोडक्यात सांगता येईल. टाकीत तरंगणाऱ्या प्लास्टिकच्या छोट्या चाकांवर जिवाणूंचा थर वाढतो आणि गाळ परत फिरवावा लागत नाही. जुनी टाकी अपुरी पडत असताना नवे बांधकाम टाळून क्षमता वाढवायची असेल, तेव्हा ती विशेष उपयोगी ठरते.

पाणवनस्पती लावलेल्या खडीच्या वाफ्यांतून सांडपाणी सोडून ते शुद्ध करण्याच्या पद्धतीचा पाया जर्मनीत केटे झायडेल यांनी 1950 च्या दशकापासून केलेल्या प्रयोगांनी घातला. शुद्धीकरणाचे मुख्य काम वनस्पती करत नाहीत, ते खडीवर वाढणारे जिवाणू करतात, हे लक्षात ठेवावे. आडव्या प्रवाहाच्या वाफ्यात प्राणवायू कमी पोहोचतो, म्हणून अमोनिया फारसा जात नाही. वरून थांबून थांबून पाणी सोडलेल्या उभ्या वाफ्यात तो चांगला जातो. उतार असेल तर वीज जवळजवळ लागत नाही. जागा मात्र हवामानानुसार माणशी 1 ते 5 चौरस मीटर लागते, म्हणजे हजार लोकांसाठी निदान एक हजार चौरस मीटर. आधीची निवळण टाकी वेळेवर उपसली नाही तर खडी चोंदते आणि ती काढून धुण्याचे काम फार जिकिरीचे असते. तरीही जमीन उपलब्ध असलेल्या लहान वस्तीसाठी मी ब्लोअरच्या केंद्राआधी उभ्या वाफ्याचा विचार करेन, कारण येथे दुर्लक्षाचा परिणाम काही तासांत दिसत नाही, सावरायला वेळ मिळतो.

यांपैकी काहीही निवडण्यापूर्वी आपले सांडपाणी मोजून घ्यावे. निदान आठवडाभर, सुट्टीचा दिवस धरून, दर तासाचा प्रवाह नोंदवावा आणि दिवसभराच्या मिश्र नमुन्याचा बीओडी, सीओडी, अमोनिया व सल्फेट तपासावा. पूर्ण वस्ती धरून बांधलेल्या केंद्रात पहिली काही वर्षे एक तृतीयांशच पाणी आले, तर सक्रिय गाळ उपाशी राहतो आणि ब्लोअर मात्र पूर्ण वीज घेतात. अशा ठिकाणी एका मोठ्या टाकीऐवजी दोन किंवा तीन समांतर टाक्या मागाव्यात, वस्तीप्रमाणे त्या एकेक करून सुरू कराव्यात आणि ब्लोअरचा वेग प्राणवायूच्या मोजणीनुसार आपोआप कमी-जास्त होईल अशी अट निविदेतच घालावी.