विक्रांतवरच्या पायलटची म्हणून मला विकलेली टोपी

कोणी "1971 ची, विक्रांतवरच्या सी हॉक पायलटची ओरिजिनल टोपी" घेऊन आला तर पैसे पाठवायच्या आधी हे वाचा. माझे 26,000 गेलेत. (विक्रांत म्हणजे नेव्हीची तेव्हाची विमानवाहू युद्धनौका, सी हॉक म्हणजे तिच्यावरची लढाऊ जेट विमानं.)

माझे बाबा दाबोळीला नेव्हीच्या हँगरमध्ये सिव्हिलियन फिटर होते, त्यामुळे त्या विमानांचं वेड लहानपणापासूनच, आणि गेली आठ-नऊ वर्षं मी नेव्हल एव्हिएशनच्या टोप्या, बिल्ले असलं जमवतोय. हा माणूस ऑनलाइन भेटला, बोलायला एकदम गोड, दादा दादा करत. पांढरी पीक कॅप, अशोकस्तंभ आणि नांगराचा जरीचा बिल्ला, सोबत टाइप केलेलं पत्र, की 310 स्क्वॉड्रनच्या (विमानांच्या तुकडीच्या) लेफ्टनंटने 1971 च्या युद्धात 4 डिसेंबरला सी हॉकमधून तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बझारवर हल्ला केला त्या काळात वापरलेली ही टोपी. ती तारीख वाचली आणि माझं बाकी डोकंच चाललं नाही. ऑफिसरचं नाव विचारलं तर घरच्यांना प्रसिद्धी नकोय म्हणाला, व्हिडिओ कॉल मागितला तर "दादा, अजून एक जण मागतायत, संध्याकाळपर्यंत सांगा". मी यूपीआयने सगळे पैसे एकदम टाकले.

टोपी आली. बाबांच्या ओळखीचे नेव्हीतले एक रिटायर्ड चीफ पेटी ऑफिसर आहेत, त्यांना दाखवली, काकांनी हातात घेतली आणि लगेच म्हणाले, "लेफ्टनंटच्या टोपीला पुढे ही सोनेरी वेल कुठून आली रे? ही कमांडर आणि वरच्यांना." खरंच, लेफ्टनंटच्या टोपीचं पीक, म्हणजे कपाळावरची पुढची झडप, साधं काळं असतं, हे मला माहीत होतं, माझ्याच कपाटात तशा दोन आहेत! मग पत्र परत वाचलं, तर 310 म्हणजे अलिझेवाले, पाणबुड्या शोधणारं पंख्याचं विमान, तीन माणसं बसायची त्यात. सी हॉक 300 स्क्वॉड्रनकडे होती. पत्र लिहिणाऱ्याला हे माहीत नव्हतं आणि मी ते तपासलं नाही.

आता आतली बाजू. वापरलेल्या टोपीची घामाची पट्टी कपाळाकडे जास्त काळी पडते, तडकते. ही सगळीकडून सारखी तपकिरी, आणि नाकाशी नेली तर चहाचा वास. चहाच्या पाण्यात बुडवून जुनी केलेली. पट्टी उलटवली तर खाली शाईने नंबर, ड्रेसवाले भाड्याच्या कपड्यांवर टाकतात तसा. म्हणजे नाटक-सिनेमातली टोपी असणार असं माझं मत. बिल्लाही नवा कोरा. जुनी जरीची तार काळवंडते, ही पिवळीधमक.

त्याला हे सगळं लिहून पाठवलं तर ब्लॉक केलं. 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार टाकली, पण मधे नऊ दिवस गेले होते आणि खात्यात काही उरलं नव्हतं. तुमच्या बाबतीत झालं तर त्याच तासात 1930 लावा, खात्री करत बसू नका. आणि टोपी उलटी करून काढलेले फोटो आधी मागा, देत नसेल तर सोडून द्या.

बाबांना अजून सांगितलेलं नाही. विक्रांतचं नाव निघालं की त्यांचा आवाज बदलतो, त्या नावावर कोणी चहात बुडवलेली टोपी विकली हे त्यांना कसं सांगू.

टोपी माझ्याकडेच आहे, पण काल तेच फोटो परत दिसले, दुसऱ्या नावाच्या अकाउंटवर. या वेळी ती 1961 च्या गोवा मुक्तीतली आहे म्हणे. पांढऱ्या कापडावर डावीकडे बिल्ल्याच्या वर एक छोटा गंजाचा डाग दिसेल, तीच ही.