गेम तपासून द्या म्हणाले आणि खाती घेऊन गेले

शिडाच्या जहाजांचे गेम खेळणारे आपल्याकडे फार नाहीत, पण जे आहेत ते पक्के वेडे आहेत. वारा कुठून येतोय, शीड किती सैल सोडायचं, उथळ पाण्यात नांगर कुठे टाकायचा, यावर तासन्‌तास हुज्जत घालणारी ही मंडळी. नेमकी हीच माणसं हेरून फसवणारं एक टोळकं सध्या फिरतंय, म्हणून सविस्तर लिहितो. त्यांच्याकडे लॉटरी नाही, घरबसल्या नोकरी नाही, दामदुप्पट नाही. ते फक्त तुमचं मत मागतात.

मी ‘सेलविंड’ खेळतो, तो २०२१ मध्ये अर्ली ॲक्सेसला, म्हणजे अर्धवट तयार असतानाच विक्रीला, आला तेव्हापासून. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: छोटं गलबत, मोकळा समुद्र, बेटाबेटांवर मालाची ने-आण. नकाशावर ‘तुम्ही इथे आहात’ सांगणारा ठिपका नाही. होकायंत्र पाहायचं, सूर्याची उंची मोजायची, शिडाचे दोर स्वतः ओढायचे. त्यातल्या ‘धाव’ या अरबी गलबताचं तिरकं परबाण, म्हणजे शीड बांधायचा वासा, पाहिलं की मला आजोळच्या हर्णै बंदरातल्या म्हाताऱ्या तांडेलांच्या गोष्टी आठवतात. त्यामुळे या प्रकारचा कुठलाही नवा गेम आला की मी खेळून बघतो आणि लांबलचक अभिप्राय लिहितो. चौकोनी शिडाचं जहाज वाऱ्याच्या तोंडावर इतकं जवळ जाऊ शकत नाही, लाटेवर डुलताना डोलकाठी अशी ताठ राहत नाही, वगैरे. घरच्यांच्या मते हा रिकामटेकडेपणा. छोट्या गेमवाल्यांना मात्र असे अभिप्राय खरंच हवे असतात, कारण तपासणीसाठी पगारी माणसं ठेवणं त्यांना परवडत नाही.

हे सगळे अभिप्राय जाहीर असतात, कोणीही वाचू शकतो. त्या माणसानेही ते वाचले होते.

शिडाच्या गेमांवर गप्पा होतात अशा एका गटात त्याने मला निरोप टाकला. इंग्रजीत, नीट, अदबीने. आम्ही दोघेच जण एक मोकळ्या समुद्राचा गेम बनवतोय, तुमचे अभिप्राय वाचले, वाऱ्याबद्दल इतकं बारकाईने कोणी लिहीत नाही, आमचं गलबत जरा पाहाल का? सोबत अर्ध्या मिनिटाची चित्रफीत. त्यात गलबत सरळ वाऱ्याच्या तोंडावर चाललेलं, शीड मात्र फुगलेलं. मी लिहिलं की हे अशक्य आहे. वाऱ्याच्या दोन्ही बाजूंना साधारण ४५ अंशांच्या आत अशा गलबताचं शीड नुसतं फडफडतं, तिथे पोचायचं तर नागमोडी जावं लागतं. त्याने आभार मानले, उलट प्रश्न विचारले. त्रिकोणी शिडाला किती सूट द्यायची? गलबत कलल्यावर वेग किती कमी करायचा? थोड्या दिवसांनी दुसरी चित्रफीत आली. तेच गलबत, आता वाऱ्याला तिरकं जाणारं, आणि बाजू बदलताना शीड अगदी खऱ्यासारखं फडफडलेलं. ‘तुमच्या सूचनेप्रमाणे बदललं,’ असं खाली लिहिलेलं.

या दोन चित्रफितींचा उलगडा मला नंतर झाला. दोन्ही एका वेगळ्याच, खऱ्याखुऱ्या गेमच्या होत्या. त्याच्या कर्त्याने प्रगती दाखवायला वेळोवेळी जाहीरपणे टाकलेल्या. एक जुनी, चूक असलेली आणि एक नंतरची, दुरुस्त केलेली. भामट्याने आधी जुनी पाठवली, मी चूक दाखवायची वाट पाहिली आणि मग नवी पाठवली. आपण सांगितलं आणि कोणीतरी ते ऐकून काम केलं, असं वाटायला तेवढं पुरतं. एरवी अभिप्राय लिहिणाऱ्याला साधी पोचही मिळत नाही, हे ज्यांनी लिहिलेत त्यांना माहीत आहे. ‘लोभ नडला’ असं मला ऐकवणारे भेटले. लोभ कसला? फुकटात काम करायला निघालो होतो!

पुढचं सगळं ठरलेल्या क्रमाने झालं, आणि हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे.

गेमचं संकेतस्थळ होतं, चित्रांनी मढवलेलं. ‘निवडक खेळाडूंसाठी’ म्हणून एक कोड दिला, तो टाकल्याशिवाय डाउनलोडचं बटण उघडत नव्हतं. त्यामुळे आपली खास निवड झाली असं वाटतं. शिवाय कोड नसलेल्या तपासणाऱ्याला, म्हणजे सुरक्षेचं काम करणाऱ्या माणसाला किंवा यंत्राला, ती फाइल सहजी मिळत नाही. फाइल झिप होती आणि तिलाही पासवर्ड. पासवर्डमध्ये बंद असलेल्या झिपमध्ये अँटिव्हायरसला डोकावता येत नाही. उघडल्यावर आतली फाइल ७०० एमबीच्या वर. गेमच्या मानाने हे वावगं नाही, पण व्हायरसटोटल या फाइली तपासून देणाऱ्या संकेतस्थळावर ६५० एमबीपेक्षा मोठी फाइल तपासायला टाकता येत नाही. नंतर कळलं की त्या फाइलचा बहुतेक भाग नुसती शून्यं होती, वजन वाढवायला भरलेली.

फाइल चालवल्यावर विंडोजची निळी खिडकी आली: हा प्रोग्राम ओळखीचा नाही. त्याबद्दल त्याने आधीच सांगून ठेवलं होतं. ‘आम्ही लहान आहोत, डिजिटल सहीचं प्रमाणपत्र अजून घेतलेलं नाही, विंडोज अडवेल, तेव्हा मोअर इन्फो दाबून रन एनीवे करा.’ ही थाप अर्धी खरी असल्यामुळेच पचते. खरोखरच अनेक छोटे गेमवाले ते प्रमाणपत्र विकत घेत नाहीत आणि त्यांच्या गेमलाही विंडोज असंच अडवतं.

पडद्यावर जहाजाचं सुंदर चित्र आलं, खाली पट्टी भरत गेली, आणि मग संदेश: ग्राफिक्स ड्रायव्हर जुळत नाही. गेम बंद. मी त्याला तसं कळवलं. तो हळहळला, त्या संदेशाचा स्क्रीनशॉट मागितला, ‘उद्या नवी आवृत्ती देतो’ म्हणाला. मी ड्रायव्हरचा नंबरसुद्धा शोधून पाठवला. गेम कधी नव्हताच. ती पट्टी भरत होती तेवढ्या वेळात माझ्या ब्राउझरमधलं सगळं उचललं गेलं होतं, आणि ड्रायव्हरची भानगड फक्त मला गुंतवून ठेवायला होती.

इथे बऱ्याच जणांचा गैरसमज असतो, तो दूर करतो. माझ्या प्रत्येक महत्त्वाच्या खात्याला दुहेरी पडताळणी होती. फोनवर कोड आल्याशिवाय आत जाता येत नाही, ती. तिचा काहीही उपयोग झाला नाही. जत्रेत तिकीट दाखवून आत गेल्यावर हातावर शिक्का मारतात, मग दिवसभर तिकीट कोणी विचारत नाही, शिक्का बघून सोडतात. ब्राउझरमध्ये साठवलेल्या कुकी म्हणजे तो शिक्का. आपण एकदा पासवर्ड आणि कोड देऊन आत गेलो की संकेतस्थळ पुढे कुकी बघूनच ओळखतं. या जातीचे व्हायरस, ज्यांना इन्फोस्टीलर म्हणतात, ते शिक्काच उचलून नेतात. पासवर्ड लागत नाही, ओटीपी लागत नाही. साठवलेले पासवर्ड, कार्डांचे नंबर आणि ब्राउझरमधली क्रिप्टो पाकिटं नेतात, ती वेगळीच.

सकाळी फोन वाजला तो मावसभावाचा. ‘दादा, तू मला ब्रो कधीपासून म्हणायला लागलास?’ रात्री माझ्या नावाने त्याला निरोप गेला होता: ब्रो, एका मित्राचा सेलिंग गेम आहे, खेळून फीडबॅक दे ना. तोच दुवा, त्याचा वेगळा कोड. आम्ही आयुष्यात एकमेकांशी इंग्रजीत बोललेलो नाही, म्हणून तो थांबला. गटातल्या सगळ्यांचं तसं नव्हतं. तिथे मी एरवीही इंग्रजीतच लिहितो, जहाजांबद्दलच लिहितो, आणि माझ्या शब्दाला थोडं वजन होतं. त्याच वजनावर एका ओळखीच्या मुलाने फाइल चालवली आणि त्याच्या ब्राउझरमधल्या पाकिटातली क्रिप्टो नाणी गेली. ती परत येत नसतात. माझं गेलेलं त्यापुढे किरकोळ: गेममधल्या काही विकाऊ वस्तू, गटाच्या व्यवस्थापनाचे अधिकार आणि क्रेडिट कार्डावर परकीय चलनातले दोन व्यवहार. कार्डाबद्दल एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. भारतातल्या खरेदीला ओटीपी लागतो म्हणून आपण निर्धास्त असतो, पण परदेशी दुकानात नुसत्या नंबरावर पैसे कापले जाऊ शकतात. बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय वापर बंद ठेवायची सोय आहे. परदेशी खरेदी रोज होत नसेल तर ती बंदच ठेवा.

त्या दिवशी मावसभाऊ फोनवर माझ्यासोबत होता आणि तो याच क्षेत्रातला, म्हणून नुकसान तिथे थांबलं. त्याने पहिली गोष्ट सांगितली की त्या कॉम्प्युटरवरून एकही पासवर्ड बदलू नकोस. इंटरनेट तोड, सगळं फोनवरून कर. व्हायरस मशीनवर असताना नवा पासवर्ड टाकला तर तोही जातो. सुरुवात ईमेलपासून केली, कारण बाकी सगळ्या खात्यांच्या किल्ल्या तिथे येतात. पासवर्ड बदलला आणि ‘सगळ्या उपकरणांवरून बाहेर काढा’ केलं. हे दुसरं काम लोक विसरतात. नुसता पासवर्ड बदलून चोरलेला शिक्का प्रत्येक ठिकाणी रद्द होतोच असं नाही. ईमेलमध्ये कोणी गुपचूप फॉरवर्डिंगचा नियम किंवा नवा रिकव्हरी नंबर घातलाय का, हेही पाहिलं. मग स्टीम, म्हणजे गेम विकत घेतो ते ऑनलाइन दुकान. तिथे बाकी सगळी उपकरणं एका बटणाने बाहेर काढता येतात, पण ‘वेब एपीआय की’ (दुसऱ्या प्रोग्रामला आपल्या खात्याची माहिती घेऊ देणारी किल्ली) नावाचं एक पान वेगळं असतं. सामान्य खेळाडूला त्याची गरजच नसते. तिथे की दिसली आणि तुम्ही ती बनवलेली नसेल, तर ती रद्द करा. तुमच्या देवाणघेवाणीवर नजर ठेवून मधल्या मध्ये वस्तू पळवायला भामटे ती वापरतात. शेवटी कॉम्प्युटर पुसून विंडोज नव्याने टाकलं. अँटिव्हायरसने ‘सर्व ठीक’ म्हटलं तरी.

बँकेला त्याच सकाळी कळवलं आणि लेखी पोच घेतली. रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये आणलेल्या नियमानुसार दोष ना बँकेचा ना ग्राहकाचा, तिसऱ्याच कुणाचा असेल आणि व्यवहाराची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकावर बोजा पडत नाही. तीन दिवस उलटले की गणित बदलतं. म्हणून ‘बघू रविवारी’ नको.

असा माल फक्त अनोळखी संकेतस्थळावर मिळतो, असंही समजू नका. फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘पायरेटफाय’ नावाचा समुद्री चाच्यांचा फुकट गेम थेट स्टीमवरच होता. त्यात इन्फोस्टीलर निघाला. स्टीमने तो काढून टाकला आणि ज्यांनी चालवला त्यांना मेल करून सांगितलं की पूर्ण स्कॅन करा, जमल्यास विंडोज नव्याने टाका. अभ्यासकांनी उकलून पाहिलं तेव्हा तो गेम बाजारात मिळणाऱ्या एका तयार साच्यावर उभा केलेला निघाला. त्याच वर्षी ‘ब्लॉकब्लास्टर्स’ हा गेम आधी निर्धोक म्हणून आला, आणि ऑगस्टच्या शेवटी आलेल्या अपडेटमधून त्यात विष घातलं गेलं. कॅन्सरच्या उपचारासाठी जमवलेले पैसे त्यात एका माणसाने गमावले. तरीही दुकानातला धोका आणि पासवर्डच्या झिपमधला धोका यांची बरोबरी करू नये. पहिल्यात कोणीतरी नंतर का होईना दार बंद करतं.

मला सगळ्यात राग येतो तो खऱ्या छोट्या गेमवाल्यांसाठी. त्यांनाही अनोळखी लोकांना ‘जरा खेळून बघा’ म्हणावंच लागतं, दुसरा मार्ग नसतो. पण त्यांच्यातले बरेच जण आता स्टीमच्या पानावरच ‘प्लेटेस्ट’ची, म्हणजे चाचणी खेळाची, मागणी घेतात. तुम्ही बटण दाबायचं, त्यांनी मंजूर करायचं, गेम तुमच्या लायब्ररीत येतो. नाहीतर ‘की’ देतात, म्हणजे एक कोड, जो स्टीमच्या आत टाकायचा असतो. चित्रफितीही जाहीर, जुन्या-नव्या सगळ्या एका जागी. तुम्ही ‘मला की द्या’ म्हणालात तर खरा माणूस की देईल किंवा अजून तयार नाही म्हणेल. माझ्या भामट्याला नंतर दुसऱ्याच एका खात्यावरून मी हेच विचारलं. तो म्हणाला, स्टीम फार कमिशन घेतं, म्हणून आम्ही थेट देतो. फुकट चाचणीवर कमिशन कसलं, असं विचारल्यावर त्याने मला ब्लॉक केलं.

अशी फाइल तुम्ही चालवली असेल आणि पैसे गेले असतील, तर आधी १९३० लावा. सायबर गुन्ह्यांचा हा राष्ट्रीय क्रमांक आहे. पैसे वाटेत असताना कळवलं तर ते रोखता येण्याची शक्यता असते. मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार. संभाषण पुसू नका, समोरच्याने आधी पुसलं तर काही उरत नाही, म्हणून लगेच स्क्रीनशॉट घ्या. त्यात त्याचं दिसणारं नाव नको, खात्याचा आकड्यातला आयडी घ्या. नाव तो दर आठवड्याला बदलतो. संकेतस्थळाचा पूर्ण पत्ता, झिपचा पासवर्ड, तुम्हाला दिलेला कोड, सगळं तक्रारीत टाका. आणि तुमच्या नावाने कोणाकोणाला निरोप गेले ते आधी शोधून त्यांना फोन करा. मेसेज नको, फोनच, कारण त्या घडीला तुमच्या खात्यावरून बोलणारा तुम्हीच आहात हे त्यांना कळणार कसं?