मोंढ्यातले इंटरनेट फोन: चार महिन्यांनंतर
लातूरच्या मोंढ्यात आमची आडत. इंटरनेटवरचे तीन फोन घेतले, आवाज एकदम स्वच्छ. घोळ झाला तो कॉल वळवण्यात. बसवणाऱ्या पोरानं 'उचलला नाही तर मोबाईलवर' याला 60 सेकंद ठेवले होते. सोयाबीनचा भाव विचारणारा शेतकरी एवढा थांबतो व्हय? ब्राउझरमध्ये फोनचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा त्याचा नंबर) टाकून मीच ते 15 वर आणले. पासवर्डही 'अ‍ॅडमिन'च निघाला, लगेच बदलला. आलेला कॉल दुसऱ्या फोनवर ट्रान्सफर करणं मुनीमजींना अजून जमंना. आधी आतल्या माणसाला विचारून मग जोडायचं, तर हे थेट जोडून मोकळे. परवा मोठा व्यापारी हमालाशी बोलत बसला. लाईट गेली की राउटरसकट सगळे मुके. आता इन्व्हर्टरवर घेतलेत.