चैत्रातला माठ: कुठला घ्यावा, कुठे ठेवावा, वाळा किती घालावा

एप्रिलच्या दुपारी उन्हातून घरात यावं, माठाच्या ओलसर पोटाला पालथा हात लावावा आणि मग पेलाभर पाणी घ्यावं. दात शिवशिवत नाहीत, घसा धरत नाही. पहिल्या घोटाला भाजलेल्या मातीचा वास येतो आणि कपाळावरची आठी आपोआप मोकळी होते. काही शे रुपयांत एवढा हमखास आनंद देणारी वस्तू घरात दुसरी सापडणं कठीण. पण प्रत्येक माठ हे सुख देत नाही. हौसेनं आणलेला माठ ‘पाणी गारच होत नाही’ म्हणून पंधरा दिवसांत बाल्कनीत जातो. अशा वेळी बहुतेकदा निवड चुकलेली असते, नाहीतर जागा.

निवडीत सगळ्यात मोठी फसगत होते ती रंगामुळे. हल्ली माठ ऑइलपेंटनं रंगवून, वर वारली किंवा वेलबुट्टी काढून, शेवटी वॉर्निश फिरवून विकायला ठेवलेले असतात. शोभेला छान, पाण्याला निरुपयोगी. माठ गार करतो तो पाझरून. भिंतीतल्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी बाहेर येतं, वाऱ्यानं उडून जातं आणि जाताना आतल्या पाण्यातली उष्णता घेऊन जातं. रंगाचा थर बसला की ती छिद्रं बुजली. दुकानात करायची परीक्षा सोपी आहे: बोट पाण्यात बुडवून माठाच्या पोटावर ठसा उमटवा. ओला ठसा बघता बघता शोषला जाऊन फिका डाग उरला, तर माठ जिवंत आहे. थेंब तसाच चमकत राहिला किंवा ओघळला, तर तो माठ फुलं ठेवायला घ्या.

दुसरी परीक्षा आवाजाची. माठ काठाला धरून उचला आणि बोटाच्या पेरानं पोटावर टिचकी मारा. नीट भाजलेला माठ खणकन वाजतो. कच्चा राहिलेला किंवा तडा गेलेला माठ बद्द आवाज देतो. कच्च्या माठातलं पाणी गढूळ येत राहतं आणि तळ काही आठवड्यांत मऊ पडतो. मग माठाच्या तोंडातून आत बघून तो उजेडाकडे धरा. केसाएवढी चीर असेल तर उजेडाची रेघ दिसते. बाहेरून सिमेंटचा किंवा लाल रंगाचा ठिगळासारखा डाग दिसला तर तो माठ खाली ठेवा.

लाल माठ चांगला की काळा, हा वाद दरवर्षी होतो. माती दोन्हीची तीच असू शकते. भट्टीत हवा खेळती राहिली तर मातीतलं लोह लाल होतं. शेवटी भट्टीची तोंडं बुजवून धूर कोंडला तर माठ काळा होतो. गारवा रंगावर ठरत नाही. तो ठरतो मातीत काय मिसळलंय आणि भिंत किती पातळ आहे यावर. कुंभार मातीत राख, लीद किंवा भुसा कालवतात. भाजताना हे जळून जातं आणि मागे बारीक पोकळ्या राहतात, पाझर त्यांतूनच होतो. साच्यात दाबून काढलेले जाड, अगदी एकसारखे गुळगुळीत माठ वाहतुकीत फुटत नाहीत म्हणून विक्रेत्यांना आवडतात. पाझराच्या बाबतीत चाकावर काढून थापटण्यानं घडवलेला माठ त्यांच्या पुष्कळ पुढे असतो. त्याच्या पोटावर थापटण्याच्या चपट्या खुणा हाताला लागतात. पुण्यात कसबा पेठेतला कुंभारवाडा किंवा मुंबईत धारावीचा कुंभारवाडा अशा ठिकाणी गेलात तर पाच-पन्नास माठ वाजवून बघता येतात. रस्त्याकडेच्या दोन-चार माठांतून निवडण्यापेक्षा ही फेरी सार्थकी लागते. खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घागर भरण्याची रीत आहेच, त्या आधीच्या आठवड्यात बाजारात ताजा माल भरपूर असतो.

चार माणसांना 10 ते 12 लिटरचा माठ पुरे. मोठा घेतला की पाणी दोन-दोन दिवस फिरत नाही आणि गार व्हायलाही वेळ लागतो, कारण पाण्याच्या मानानं पाझरणारा पृष्ठभाग कमी पडतो. याच कारणानं सुरई लवकर गार होते. उशाशी ठेवायला ती उत्तम, पण मानेतून हात आत जात नाही, म्हणून लांब दांड्याचा ब्रश नसेल तर घेऊ नका. फिरकीच्या झाकणाच्या मातीच्या बाटल्यांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. झाकणाचे आटे आधी झिजतात आणि चकाकी दिलेली असेल तर पाझर शून्य.

तोटी लावलेला माठ सोयीचा हे खरं, पण तक्रारी सगळ्यात जास्त याच माठाच्या. तोटीच्या दोन्ही बाजूंना, आत आणि बाहेर, रबरी वायसर हवा. आतली चक्की (नट) हातानं आवळायची, पान्हा लावायचा नाही. पान्ह्यानं एक फेरा जास्त दिला की भोकाभोवती चीर जाते आणि ती आठवडाभरानं कळते. पितळी किंवा स्टीलची जड तोटी दिसायला देखणी असते, पण उघडझाप करताना तिचा सगळा जोर मातीच्या भिंतीवर येतो. माठाला हलकी प्लॅस्टिकची तोटी बरी. शिवाय तोटीच्या खाली दोन-तीन बोटं पाणी कायम साचून राहतं. ते रोज माठ कलता करून काढलं नाही तर नवीन पाण्यालाही शिळा वास लागतो. ज्या घरात शिस्त आहे तिथे बिनतोटीचा माठ, वर मातीची परळ आणि पाणी काढायला लांब दांडीचं ओगराळं, ही जुनी जोडी आजही पहिल्या नंबरावर. ओगराळं माठात बुडतं, हात बुडत नाही. ते वेगळं टांगून ठेवायचं, परळीवर आडवं टाकायचं नाही.

नवा माठ आणल्या दिवशी पाणी पिऊ नका. आधी काथ्यानं आतून-बाहेरून नुसत्या पाण्यानं धुवा. साबण किंवा भांड्यांचं लिक्विड अजिबात नको. ते छिद्रांत शिरतं आणि महिनाभर पाण्याला वास मारतं. मग माठ काठोकाठ भरून 24 तास ठेवा आणि ते पाणी झाडांना घाला. असं एकूण तीनदा. पहिल्या भरण्यानंतर दोन-तीन तासांत सगळं पोट एकसारखं गडद आणि दमट व्हायला हवं. एकाच जागी थेंबाची धार लागली तर तो पाझर नाही, गळती आहे. माठ परत करा. चौथ्या दिवशीचं पाणी प्यायला घ्या. मातीचा वास पहिल्या पंधरवड्यात सगळ्यात दाट असतो. हाच वास कनौजला भाजलेल्या मातीच्या चकत्यांपासून अत्तरात उतरवतात. आपल्याला तो पाण्याबरोबर फुकट मिळतो, तेव्हा हे पंधरा दिवस वाळा-मोगरा काही न घालता नुसतं पाणी प्यावं.

आता जागा. गॅसशेजारचा ओट्याखालचा कोपरा ही माठाची सगळ्यात वाईट जागा, आणि शहरातल्या बहुतेक घरांत माठ तिथेच असतो. तिथे हवा हलत नाही, त्यामुळे पाझरलेलं पाणी उडत नाही, नुसतं खाली ओघळतं. माठ सावलीत, खिडकीच्या झोतात, तिवईवर ठेवा म्हणजे बुडालाही वारा लागतो. 10 लिटर पाण्यातलं 100 मिली जरी उडून गेलं तरी, बाहेरून उष्णता येत नाही असं धरलं तर, उरलेलं पाणी जवळजवळ सहा अंशांनी उतरतं. उष्णता प्रत्यक्षात येत राहतेच, म्हणून पाझर अखंड चालू असावा लागतो. पोटाभोवती सुती फडकं गुंडाळून ते ओलं ठेवलं तर फरक हाताला कळतो. पाणपोईच्या रांजणाला लाल फडकं गुंडाळलेलं असतं, ते नुसतं खुणेसाठी नव्हे.

अपेक्षा मात्र गावाप्रमाणे ठेवा. हवेतला दमटपणा माठाची मर्यादा ठरवतो. नागपुरात 42 अंश आणि 20 टक्के आर्द्रता असेल तर पाणी फार तर 24 अंशांपर्यंत उतरू शकतं. पुण्यात 37 अंश आणि आर्द्रता तीच 20 टक्के असेल तर ही हद्द 21 च्या आसपास येते. मुंबईत किंवा कोकणात 33 अंश आणि 70 टक्के आर्द्रता असली की हद्दच 28 अंश. कुठलाही माठ या हद्दीच्या दोन-तीन अंश वरच थांबतो. म्हणून विदर्भात, मराठवाड्यात, खानदेशात माठ हे घरातलं खरंखुरं यंत्र आहे. किनाऱ्यावर तो पंख्याच्या वाऱ्यात ठेवला तरच समाधान देतो, तेही माफक. मुंबईकरांनी माठ चवीसाठी आणि वासासाठी घ्यावा, फ्रिजशी बरोबरी करू नये.

सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे दुपारी रिकामा झालेला माठ गच्चीवरच्या टाकीच्या तापलेल्या पाण्यानं भरणं. मग संध्याकाळपर्यंत कोमट पाणी. माठ रात्री झोपताना भरा, सकाळी तयार मिळतो. पाहुणे-राबता असेल तर एक मोठा घेण्यापेक्षा सहा-सहा लिटरचे दोन घ्या. एक वापरात, एक गार होत असलेला. भरायचं पाणी आधीच गाळलेलं, शुद्ध केलेलं हवं. माठ पाणी गार करतो, जंतू मारत नाही.

माठाखाली परातीत किंवा पसरट कुंडीत तीन बोटं ओली वाळू घालून त्यावर माठ टेकवण्याची पद्धत तिवईइतकीच चांगली. ओघळलेलं पाणी वाळू पिते आणि बुडाला गारवा देते. याच वाळूत मूठभर मेथीदाणे पसरले की तीन-चार दिवसांत माठाभोवती हिरवी कडा उगवते. मुंबईच्या किनाऱ्यावरची बारीक जुड्यांची समुद्रमेथी वाळूतच होते, तेव्हा यात अवघड काही नाही. सकाळी उठून पाणी घ्यायला गेल्यावर ती दोन पानांची रोपं दिसली की दिवसाची सुरुवात फार गोड होते. फक्त वाळूवर पाणी तरंगू देऊ नका. डेंगीचा डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळून परात आणि माठ दोन्ही रिकामे करावेत.

पंधरवडा उलटला की वाळा. काष्ठौषधींच्या दुकानात मुळं सुटी मिळतात. चार-पाच पाण्यांत चोळून धुवा, त्यात माती पुष्कळ असते. 10 लिटरला 10 ते 15 ग्रॅम पुरे. मलमलच्या पुरचुंडीत बांधून सोडायची. मुळं नुसती टाकली की तुकडे पेल्यात येतात. जास्त घातला तर पाणी पिवळसर आणि तुरट होतं. पाच-सहा दिवसांनी पुरचुंडी काढून उन्हात कडक वाळवा, दोन-तीनदा पुन्हा चालते. सुगंध गेला की संपली. बाटलीतल्या खस सरबताचा हिरवा रंग वाळ्याचा नसतो, त्यामुळे पाणी हिरवं झालं नाही म्हणून वाळा खोटा समजू नका. मोगऱ्याची चार फुलं घालायची तर घरच्या झाडाची, संध्याकाळी घालून सकाळी काढून टाकायची. बाजारच्या गजऱ्यावर फवारणी असते.

दर दोन-तीन दिवसांनी आतून काथ्या फिरवा, आठवड्याला अर्धा दिवस उन्हात उपडा ठेवा. आत बुळबुळीत हिरवट थर आला तर माठावर कुठून तरी ऊन येतंय. बोअरचं जड पाणी भरत असाल तर महिन्याभरात पोटावर पांढरी खरवड दिसू लागते. हे क्षार, आणि पाझर मंदावण्याचं कारणही हेच. गरम पाणी आणि काथ्यानं बाहेरून घासलं की थोडा मोकळा होतो, पूर्ववत होत नाही. साधारण एक-दोन उन्हाळे हेच माठाचं आयुष्य.

पहिला पाऊस झाल्यावर माठ तीन-चार दिवस पूर्ण वाळवा, कागदात गुंडाळून कोरड्या जागी उपडा ठेवा. दमट ठेवलात तर आत बुरशी धरते आणि तो वास जात नाही. पुढच्या चैत्रात भरल्यावर पोट ओलं झालं नाही तर बुडाला भोक पाडून त्यात पुदिना लावा. नुसता काठ उडालेला, पण अजून पाझरणारा माठ मात्र टाकू नका. तोटी नसलेला असेल तर कढीपत्त्याच्या रोपाशेजारी गळ्यापर्यंत पुरा, पाण्यानं भरा आणि वर परळ ठेवा. गावाला गेलात तरी तीन-चार दिवस मुळांना ओल मिळत राहील.