जैसलमेर की महाबळेश्वर? हॉटेलच्या नोकरीसाठी गाव सोडण्याआधी

हॉटेल मॅनेजमेंट करून बसलेली किंवा पाचगणी-महाबळेश्वरात दोन-चार सीझन काढलेली सातारा-सांगलीकडची बरीच पोरं माझ्याजवळ जैसलमेरचा विषय काढतात. जैसलमेरजवळच्या सम गावच्या वाळूतल्या एखाद्या कॅम्पमधून नाहीतर शहरातल्या हॉटेलातून फोन आलेला असतो, ‘राहणं-खाणं आमच्याकडं, ऑक्टोबरला या.’ घरी आईचं म्हणणं, वाईचा पसरणी घाट चढला की पाचगणी, तिथं मिळतंय त्यात वाईट काय आहे? मी दोन्हीकडं काम केलंय, म्हणून माझं मत आधीच सांगतो. सीझनमध्ये हातात किती पडतं ते दोन्ही ठिकाणी थोड्याफार फरकानं सारखंच. तुमचा निर्णय ठरायला हवा तो बंदच्या महिन्यांवर.

बंदचे महिने

जैसलमेरचा सीझन ऑक्टोबर ते मार्च. दिवाळीत गुजरातचे पाहुणे लोटतात, नाताळ ते नवीन वर्ष खोली मिळणं मुश्किल, माघ पौर्णिमेच्या सुमारास मरु महोत्सव, आणि होळी झाली की गर्दी ओसरते. एप्रिलमध्ये पारा चाळिशीच्या पुढं सरकतो, मे-जूनमध्ये पंचेचाळीसही ओलांडतो. समचे बरेच कॅम्प तेव्हा तंबूंची कापडं उतरवून ठेवतात. शहरातली हॉटेलं उघडी असतात, पण पाच जणांचं काम दोघं करतात आणि उरलेल्या तिघांना ‘दिवाळीआधी फोन करतो’ असं सांगून घरी पाठवलं जातं. तो फोन येतोही, पण मधले पाच-सहा महिने पगार नसतो.

महाबळेश्वरचं याच्या उलट. खरा हंगाम एप्रिल ते मध्य जून, शिवाय दिवाळी, नाताळ आणि वर्षभरातले शनिवार-रविवार. मग पाऊस. वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पडणारा पाऊस ज्यानं तिथं राहून काढलेला नाही, त्याला नुसतं सांगून कळत नाही. भिंतींना गवताच्या झड्या बांधतात, चादरी आठ-आठ दिवस वाळत नाहीत, कातडी बुटांवर हिरवी बुरशी चढते. हल्ली पावसाळ्यातही शनिवार-रविवारी गाड्या येतात, त्यामुळं पूर्वीसारखं सगळं ठप्प होत नाही. तरी स्टाफ कमी करायची वेळ तीच.

आता ही दोन वेळापत्रकं शेजारी ठेवून बघा. ऑक्टोबर ते मार्च जैसलमेर, एप्रिल ते जून महाबळेश्वर, आणि पावसाळ्यात गावी. माण-खटावला नाहीतर आटपाडी-जतला ज्याचं थोडं रान आहे, त्याची बाजरीची पेरणी आणि आईवडिलांसोबतचे दोन महिने यात बसतात. एकट्या माणसासाठी मला हे सगळ्यात चांगलं वाटतं. मात्र दोन-तीन वर्षांच्या वर ताणू नका. दर सहा महिन्यांनी मालक बदलला की पीएफ तुटक राहतो आणि बढतीच्या वेळी तुमचं नाव यादीत नसतं. वेटरांच्या कॅप्टनचा सुपरवायझर होतो तो एका जागी टिकलेला.

काम शिकायला कुठं मिळतं

महाबळेश्वरचा पाहुणा बहुतेक पुण्या-मुंबईचा. शुक्रवारी रात्री घाटात अडकून, वैतागून येतो आणि रविवारी दुपारी निघतो. चाळीस खोल्या एकाच तासात रिकाम्या होतात, एकाच तासात भरतात. जैन जेवण वेगळं, लहान मुलांचं कमी तिखट, आजोबांना भाकरी. इथं हात वेगानं चालायला शिकतो आणि गर्दीत डोकं शांत ठेवायची सवय लागते. ही मोठी कमाई आहे, तिला कमी लेखू नका.

जैसलमेरचा पाहुणा लांबून येतो, बुकिंग कितीतरी आधी केलेलं असतं आणि त्यानं किल्ला, पटवों की हवेली, गडीसर, कुलधरा यांच्याबद्दल वाचलेलं असतं. त्याला बोलायचं असतं. ११५६ मध्ये रावळ जैसलनं वसवलेलं गाव, किल्ल्यात आजही लोक कसे राहतात, पिवळा दगड कुठून येतो, हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे, आणि तेही इंग्रजीत. फ्रंट ऑफिस, गाइड किंवा इव्हेंटच्या कामात पुढं जायचं असेल तर जैसलमेरचे दोन सीझन पुढच्या मुलाखतीत उपयोगी पडतात.

कॅम्पमधला दिवस मात्र नीट समजून घ्या. समला जाणारी वाट शहरापासून चाळीसेक किलोमीटर. दुपारी पाहुणे येतात, उन्हं कलताना उंट आणि जीप, अंधार पडला की शेकोटीभोवती मांगणियारांचं गाणं आणि कालबेलिया नाच, मग जेवण. पंगत उठेपर्यंत रात्रीचे अकरा वाजतात. पहाटे पाहुणा सूर्योदय बघायला उठतो म्हणजे तुम्ही त्याच्या आधी उठलेले असता. आणि सगळीकडं वाळू. वारा सुटला की आचारी कणीक मळून झाल्याझाल्या परातीवर ओलं फडकं टाकतो, नाहीतर रोटी दाताखाली करकरते. रजया रोज झटकायच्या, प्लेटा वाढायच्या आधी पुन्हा पुसायच्या. जानेवारीच्या रात्री पारा पाच-सहा अंशांवर येतो आणि स्टाफचा तंबू पाहुण्यांच्या तंबूसारखा नसतो. पहिली नोकरी असेल तर कॅम्पपेक्षा शहरातलं हॉटेल घ्या, असं मी प्रत्येकाला सांगतो.

हॉटेलाच्या बाहेरचं एक काम आपल्याकडच्यांच्या सहसा लक्षात येत नाही. जैसलमेर जिल्ह्यात पवनचक्क्यांची देशातली एक मोठी रांग उभी आहे, आणि आता सौर प्रकल्पही वाढलेत. चाळकेवाडी, वनकुसवडे, ढालगावच्या पठारांवर ज्यांनी पवनचक्कीच्या देखभालीचं काम केलंय, त्यांच्या हातात जैसलमेरला चालणारं कसब आहे, आणि त्याला पर्यटकांचा सीझन लागत नाही. आयटीआय झालेल्या पोरानं हॉटेलात वेटरचा ट्रे धरण्यापेक्षा आधी तिकडं चौकशी करावी. तिथं माळढोक हा दुर्मीळ पक्षी आहे, तो तारांना धडकून मरतो. त्याच्यासाठी वीजवाहिन्या जमिनीखालून न्यायचा आदेश सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये दिला आणि २०२४ मध्ये त्यात बदल केला. त्यामुळं कुठल्या भागात काम सुरू आहे आणि कुठं अडकलंय, हे जायच्या आधी विचारून घ्यावं.

पैसा

कॅम्पमध्ये राहणं-खाणं मिळतं आणि खर्च करायला आसपास दुकानच नाही, म्हणून पैसा आपोआप शिल्लक पडतो. महाबळेश्वरला स्टाफ क्वार्टर मिळालं तर ठीक, बाहेर खोली घ्यायची तर सीझनचे भाव. पण महाबळेश्वरहून मेढ्यामार्गे सातारा पंचावन्न-साठ किलोमीटर, सुट्टीला एसटीनं घरी येता येतं. जैसलमेरहून गावाकडं यायचं म्हणजे हजार किलोमीटरच्या पुढचा प्रवास, आधी जोधपूर, मग तिथून पुणे-मिरजेकडची गाडी. दिवाळीला तर सुट्टी नाहीच, तो तुमचा सगळ्यात गर्दीचा काळ. पहिल्या वर्षी घरच्यांना हे फार लागतं. ते आधीच बोलून ठेवा.

स्वतःचा धंदा टाकायचं मनात असेल तर दोन्हीकडं हात राखून. महाबळेश्वर-पाचगणी २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, बांधकामाला कडक अटी आहेत. जैसलमेरला किल्ल्यात गेस्ट हाउस चालवायला घेण्याचा मोह होतो, कारण गच्चीवरून दिसणाऱ्या गावावरच पाहुणा भुलतो. पण तो किल्ला ज्या जमिनीवर उभा आहे तिथं पाणी मुरणं म्हणजे पायाला धोका. नळाचं पाणी आणि हॉटेलांची न्हाणीघरं वाढली तशी गळती वाढली, बुरूजही ढासळले. १९९६ मध्ये जगातल्या धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत त्याचं नाव आलं. २०१३ पासून तो जागतिक वारसा आहे. तिथं आणखी चार न्हाणीघरं वाढवून पोट भरू नये असं मला मनापासून वाटतं. किल्ल्याबाहेर जागा बघा.

पाणी, दवाखाना, सरहद्द

जैसलमेरचा पाऊस वर्षाला दोनशे मिलिमीटरच्या आतबाहेर. आपल्या दहिवडीकडं तो पाचशेच्या आसपास पडतो आणि तरी आपण दुष्काळी म्हणवतो. एकेकाळी त्या गावाची भिस्त गडीसर तलावावर होती, आता इंदिरा गांधी कालव्याचं पाणी येतं. ते रोज येईलच असं धरून चालू नका, कॅम्पला तर टँकरच. माण-आटपाडीच्या माणसाला यात नवल वाटणार नाही. टँकरची वाट बघत आणि धुण्याचं पाणी झाडाला घालत तो वाढलेला असतो. कऱ्हाड-इस्लामपूरच्या बागायती पट्ट्यातल्या पोराला जड जातं. महाबळेश्वरचीही गंमत बघा, एवढा पाऊस पडून ऐन मे महिन्यात वेण्णा तलावाकडं डोळे लागतात, कारण पाचगणीलाही तिथूनच पाणी जातं आणि गर्दी तेव्हाच असते.

दवाखान्याच्या बाबतीत मात्र तुलनाच नाही, आणि घरात म्हातारं माणूस किंवा तान्हं मूल असेल तर हा एकच मुद्दा बास आहे. आपल्याला सातारा आहे, कऱ्हाड आहे, आणि मिरजेला तर कर्नाटकातूनही रुग्ण येतात. जैसलमेरला मोठा प्रसंग आला की जोधपूर, पावणेतीनशे-तीनशे किलोमीटर. ऑक्टोबर २०२५ मध्ये जोधपूर रस्त्यावर बसला आग लागली तेव्हा भाजलेल्या माणसांना एवढ्या लांब न्यावं लागलं होतं. एकट्या तरुणानं ही जोखीम पत्करणं वेगळं, बायको गरोदर असताना तिला तिथं नेणं वेगळं. शाळांचंही तसंच. पाचगणीच्या निवासी शाळा आपल्या खिशाबाहेरच्या, पण पोरं मराठी शाळेत घालता येतात. तिथं हिंदी माध्यम.

सरहद्दही विसरता येत नाही. मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्ष पेटला तेव्हा जैसलमेरला रात्री सगळे दिवे बंद ठेवले होते आणि विमानतळ बंद होता. तो काळ सीझनचा नव्हता म्हणून रोजगाराचं नुकसान थोडक्यात निभावलं. नोव्हेंबर-डिसेंबरात असं झालं तर बुकिंगं रद्द होतात आणि पहिली कुऱ्हाड बाहेरून आलेल्या स्टाफवर पडते.

माणसं

एकटेपणाची भीती पोरं जास्त घेतात, पण ती लवकर जाते. जेवण परकं नाही. बाजरीची भाकरी, लसणाची चटणी, ताक तिथंही आहे, केर-सांगरीची भाजी एकदा जमली की आवडते. मारवाडी पंधरा दिवसांत कानाला बसते. लोक आपुलकीचे, नावापुढं ‘सा’ लावून बोलतात. जड जातो तो शांतपणा. जिल्हा साताऱ्याच्या साडेतीन पटींहून मोठा, आणि २०११ च्या जनगणनेत चौरस किलोमीटरला माणसं १७. आपल्याकडं तोच आकडा २८७. शहरातही पासष्ट हजारांचीच वस्ती होती. ज्याला संध्याकाळी कट्टा लागतो तो डिसेंबरच्या गर्दीत रमतो आणि मार्चमध्ये कंटाळतो. ज्याला मोकळं आभाळ आवडतं तो तिथंच राहतो.

लांब जाणं आपल्या भागाला नवं नाही. विटा, खानापूर, आटपाडीचे गलाईवाले, म्हणजे सोनं-चांदी गाळणारे, देशभरातल्या सराफ बाजारांत पिढ्यान्‌पिढ्या बसलेत. ते गेले पण घर गावी ठेवून, जत्रेला परत येत, आणि जम बसल्यावरच बायकामुलांना नेत. हॉटेलवाल्यांनीही तोच क्रम धरावा.

लग्न झालेलं, मूल शाळेत, आईवडील थकलेले असतील तर महाबळेश्वर-पाचगणीतच चांगलं हॉटेल शोधा, पावसाळ्यातही पगार देणारं. तशी आहेत, कमी आहेत. एकटे असाल, इंग्रजी बोलायची तयारी असेल, तर या ऑक्टोबरला जैसलमेर बघाच.

फोनवर होकार देण्याआधी चार गोष्टी विचारा. पगार सहा महिन्यांचा की बारा? राहायची खोली किती जणांत, आणि कॅम्पवर की गावात? आठवड्याची सुट्टी सीझनमध्ये मिळते की साठवून ठेवतात? पीएफ कापता का? उत्तरं व्हॉट्सअॅपवर लिहून मागवा, आणि मूळ प्रमाणपत्रं कुणाकडंही जमा करू नका, झेरॉक्स द्या. पहिल्या सीझनला एका बॅगेत मावेल एवढंच सामान न्या. मार्च संपताना मालकानं स्वतःहून उन्हाळ्याच्या पगाराचं लेखी दिलं, तर मग गावात खोली बघायला लागा.